बाइंडरच्या लॅपटॉपमधले कार्ड

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी मेलेलो नाही. मी मेलो असे वेगवेगळ्या लोकांनी जाहीर केले आहे, एकाने तर माझ्या तोंडावर, पण ते खरे नव्हे. मी एक जुने वायरलेस कार्ड आहे, चांगले धडधाकट आहे, आणि माझ्यावर जे गुदरले त्याच्या धक्क्यातून अजून सावरलेलो नाही.

माझा देह तुमच्या अंगठ्याएवढा. हिरवी पाटी, तिच्यावर एक चकचकीत पत्रा, आणि एका टोकाला दोन इवल्याशा गोल खुंट्या. एका खुंटीला काळी वायर जोडतात, दुसरीला पांढरी. हवेतून फिरणारे इंटरनेट या वायरींतून माझ्याकडे येते आणि मी ते लॅपटॉपच्या स्वाधीन करतो. कारखान्यात मला पहिली जाग आली ती एका बंद लोखंडी पेटीत. तिथे बाहेरची एकही लहर शिरत नाही. नुसती शांतता होती, आणि मग कानठळ्या बसतील असा सिग्नल एकदम अंगावर आला. मी जन्मतःच जो दचकलो तो दचकलोच. ती सवय काही सुटली नाही.

नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत मी कितीतरी वर्षे राबलो. माझे कौतुक कधी झाले म्हणाल तर नाव काढू नका. नेट जोरात चालले की सगळे राऊटरची पाठ थोपटत, आणि अडले की लॅपटॉपवर डाफरत. मी आत आहे हेच कुणाला ठाऊक नव्हते. पुढे आमचा लॅपटॉप फारच रेंगाळू लागला. कचेरीचे जुने नकाशे पुस्तकासारखे बांधून द्यायला एक बाइंडर येत असत. साहेब त्यांना म्हणाले, "काका, हा घेऊन जा. आमच्या काही कामाचा नाही." मी आतून ऐकत होतो. आयुष्यभराच्या चाकरीचा निरोप असा एका वाक्यात उरकतात, हे मला खरेच माहीत नव्हते.

बाइंडरकाकांचे घर म्हणजे रस्त्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत लोखंडी दाबयंत्र, पुठ्ठ्यांच्या थप्प्या आणि खळीचा टोप. मागच्या खोलीत संसार. काकू कागदांच्या घड्या घालत आणि पाने शिवत. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हते. त्यांच्या थोरल्या बहिणीलाही नाही. दोघी लहानपणापासून हातांनी बोलत आल्या होत्या. पुढे बहीण लग्न होऊन समुद्रापलीकडच्या देशात गेली आणि ते बोलणे तुटले. कागदावर लिहून दोघींचे मन भरत नसे. मुलीच्या फोनवर एकदा व्हिडिओ कॉल करून पाहिला, तर फोन धरायला एक हात लागतो आणि बोलायला दोन. फोन खळीच्या टोपाला टेकवून ठेवला, तर काकूंच्या डोळ्यांना त्या एवढ्याशा काचेतली बोटे दिसेनात. म्हणून काकांनी लॅपटॉप घरी आणला होता. मोठा पडदा आणि दोन्ही हात मोकळे.

त्यांची मुलगी दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवायची. ती म्हणाली, "बाबा, जुनी सिस्टीम याला झेपत नाही. मी लिनक्स टाकते, हलकं असतं." तिने टाकले. लॅपटॉप ताजातवाना झाला, आणि मला विचारतो कसा, "आपण कोण?"

मी हबकलो! इतकी वर्षे एका छपराखाली काढली आणि आपण कोण? पण दोष त्याचा नव्हता. मित्रांनो, आम्हा कार्डांना दर वेळी जाग आली की काम कसे करायचे तेच आठवत नाही. आमचा धडा एका फाइलमध्ये असतो आणि तो रोज सकाळी लॅपटॉपने आम्हाला वाचून दाखवावा लागतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. लिनक्सकडे माझा धडाच नव्हता. तो इंटरनेटवर होता, आणि इंटरनेट आणणार कोण, तर मी! मुलगी खो खो हसत सुटली. दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवरून ती फाइल पेनड्राइव्हवर आणली आणि जागेवर ठेवली. धडा कानावर पडताच मी खडबडून उठलो. आजूबाजूची सगळी नेट मला दिसू लागली. एका शेजाऱ्याने तर आपल्या नेटचे नाव 'मागू नका' असे ठेवले होते.

त्या संध्याकाळी दोघी बहिणींची गाठ पडली. मी लॅपटॉपच्या पोटात, मला कसले दिसते? पण काकांना एक सवय होती. बायकोशी हातांनी बोलताना ते तोंडानेही बोलत, आणि समोरचे हात जे म्हणतील तेही मोठ्याने म्हणत. त्यामुळे मला सगळे कळे.

"ताई म्हणतेय, तू जाड झालीस," काका म्हणाले. "आता ही म्हणतेय, तू आरशात बघतेस ना? आता दोघी रडतायत. आता ताई मला म्हणतेय, तुम्ही मध्ये मध्ये बडबडू नका."

मग रोजच बोलणे सुरू झाले. जन्मभर मी नकाशे वाहिले, आता हात वाहू लागलो. मला माझाच हेवा वाटे.

काकांना तर हर्ष मावेना. आणि काकांना हर्ष झाला की ते वस्तूला कापड चढवत. हा त्यांचा जुना छंद होता. त्यांच्या घरातल्या रेडिओला बांधणी होती, रिमोटला होती, औषधांच्या डब्याला होती. एकदा पाहुणे चष्म्याचे घर विसरून गेले, ते परत न्यायला आले तेव्हा त्यालाही निळे कापड आणि सोनेरी रेघ. लॅपटॉपला ओरखडा पडू नये म्हणून काकांनी त्याच्यासाठी आपले सर्वांत चांगले मरून रंगाचे कापड काढले. खळ लावून, हाडाच्या पट्टीने घासून घासून त्यांनी ते अंगासरशी बसवले. वारा जायच्या जाळीला खिडकी ठेवली. खालचे झाकण उघडायला पदर ठेवला. पुढच्या कडेला एक बारीक खाच होती, तीत धूळ जाईल म्हणून तेवढी कापडाने ताणून बंद केली.

आणि त्याच क्षणी कुणीतरी माझे तोंड दाबले.

मी काही वाढवून सांगत नाही. सगळी नेट गेली, 'मागू नका'सुद्धा. मी घाबरून लॅपटॉपला ओरडून सांगितले, अरे, बाहेरचे बटण बंद झाले आहे! त्याने ते पडद्यावर लिहिलेही.

मुलीने ते वाचले. "वायरलेस बटणाने बंद आहे म्हणतंय. कुठलं बटण?" तिने कीबोर्डवरचे एकूण एक बटण दाबले. पुढच्या कडेच्या त्या खाचेत सरकणारे एक बारीक बटण आहे, हे तिला ठाऊकच नव्हते. कचेरीपासून ते सुरूच होते, मग त्याच्याकडे कोण बघतो? शिवाय त्याच दुपारी तिने लिनक्स अपडेट केले होते. तिला वाटले, आपल्याच हातून बिघडले. इंटरनेटवर कुणी कुणी लिहिले होते की या अपडेटनंतर माझ्या जातीची कार्डे अशीच रुसतात. झाले! मी आणि रुसतो! ती दवाखान्यातून येई, जेवणाआधी लॅपटॉप पुढे घेई. तिने अपडेट मागे घेतले. लिनक्स पुसून पुन्हा टाकले. मला माझा धडा इतक्या वेळा वाचून दाखवला की मला स्वतःचाच कंटाळा आला. बिचारीचा आवाज पुढे पुढे रडवेला होऊ लागला.

त्याला कारण होते. ताईचा निरोप आला होता. तिच्या उजव्या हाताची नस दबली होती आणि ऑपरेशन ठरले होते. डॉक्टरांनी सांगितले होते की बोटे पुन्हा पहिल्यासारखी वळतील याची खात्री नाही. काकांनी हा निरोप वाचून दाखवला. मी जागच्या जागी गारठलो. मित्रांनो, तुमचा आवाज उद्या जाणार असे कळले तर तुम्ही आज काय कराल? ज्याच्याशी बोलायचे त्याच्याशी बोलून घ्याल ना? काकूंना तेवढेच हवे होते. ताईने दोन्ही हातांनी एकदा पोटभर बोलावे.

शेवटी लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे गेला. त्याने कापड निरखले आणि म्हणाला, "काय सुंदर काम केलंय हो काका! ह्याला धक्का लावत नाही मी." त्याने तेवढा पदर उचलला, झाकण काढले आणि माझ्याकडे बोट दाखवले. "हे कार्ड गेलंय."

गेलंय! मी समोर बसलेला असताना! त्याने माझ्या दोन्ही वायरी टचकन उपटल्या, स्क्रू काढला आणि मला टेबलावर ठेवले. नवे कार्ड मागवावे लागेल म्हणाला. ते यायला वेळ लागला. त्या वेळात ऑपरेशनचा दिवस आला आणि निघून गेला.

दुरुस्तीवाला लॅपटॉप परत घेऊन आला तेव्हा मी त्याच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत होतो. तो जरा ओशाळला होता. "काका, नवं कार्ड घातलं, तेही चालत नाही. म्हणजे बोर्डच गेलाय. भंगारात देऊन टाका." त्याने मला खळीच्या टोपाशेजारी ठेवले, नवे कार्ड आतच राहू दिले आणि दाखवायला सुरू केलेला लॅपटॉप तसाच सोडून तो गेला. जन्मात पहिल्यांदा मी ते घर आणि ती माणसे डोळ्यांनी पाहत होतो. काका मला वाटले होते तेवढे उंच नव्हते. काकू भिंतीकडे तोंड करून पाने शिवत होत्या.

"द्यायचा तर देऊ," काका पुटपुटले, "पण माझं कापड कशाला जाऊ द्यायचं?" त्यांनी फडके ओले केले, कडा भिजवल्या आणि कापड हलक्या हाताने सोलू लागले. पुढच्या कडेचे कापड सुटले. खाचेत एक बारीक बटण होते, एका बाजूला सरकलेले, आणि त्याच्या शेजारी एक तांबडा ठिपका. काकांनी ते नखाने दुसरीकडे ढकलले.

निळा दिवा लागला.

माझा नव्हे. नव्या कार्डाचा. पण मी त्या वेळी ते मनाला लावून घेतले नाही, कारण मी काकांकडे पाहत होतो. त्यांचे नख त्या बटणावर तसेच राहिले होते. मुलगी धावत आली. तिने दिवा पाहिला, बटण पाहिले, काकांच्या हातातले मरून कापड पाहिले.

"बाबा..."

"मीच," काका म्हणाले. "मीच बंद केलं. ह्या हातांनी घासून घासून बंद केलं."

ते काकूंजवळ गेले. त्यांच्या खांद्यावर थाप मारायला हात उचलला आणि मागे घेतला. पुन्हा उचलला. काकू वळल्या. काका हातांनी सांगू लागले, आणि पहिल्यांदाच तोंडाने एक अक्षर बोलले नाहीत. काकूंनी सगळे बघून घेतले. त्यांनी हातातली सुई पुठ्ठ्यात खुपसली, काकांना हाताने बाजूला केले आणि लॅपटॉपपुढे जाऊन बसल्या. मुलीने त्यावरून व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर ताई आली. उजवा हात खांद्यापर्यंत बांधलेला, गळ्यात अडकवलेला. तिने डावा हात उचलला आणि काहीतरी म्हटले. बोटे अडखळली. तिने पुन्हा म्हटले.

"काय म्हणतेय?" काकांनी मुलीला विचारले. "मला कळत नाहीये."

"मलाही नाही कळत, बाबा."

काकूंना कळत होते. लहानपणी दोघींनी एकमेकींना हातांची नावे ठेवली होती. काकूंचे नाव म्हणजे उजव्या गालावर दोन बोटे फिरवायची. ताई ते डाव्या हाताने, चुकीच्या गालावर करत होती, आणि नेम चुकून बोट डोळ्यात जात होते. काकूंच्या तोंडून मोठा आवाज निघाला. तो हसण्याचा होता की रडण्याचा, मला सांगता येणार नाही. मग काकूंनी आपला चांगला उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि डाव्या हाताने, तितक्याच वेड्यावाकड्या बोटांनी, ताईचे नाव घेतले.

मित्रांनो, पुढे ताईचे बँडेज सुटले. उजवी बोटे वळत नाहीत. दोघी रोज डाव्या हातांनी बोलतात, चुकतात, एकमेकींना हसतात. काका शेजारी बसून डाव्या हाताची भाषा नव्याने शिकत आहेत आणि त्यांना ती अजून धड येत नाही. मी सुयांच्या तबकात असतो. नवे कार्ड चांगले काम करते, मला परत बसवा असे मी म्हणणार नाही.

विनंती एकच आहे. एखादी वस्तू गप्प झाली तर तिला लगेच मेली म्हणू नका. आणि ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला मायेने झाकायला जाल तेव्हा आधी नीट चाचपून बघा, कापडाखाली त्याचे तोंड तर येत नाही ना. काकांनी तेवढे बघितले असते, तर ताई दोन्ही हातांनी काय बोलणार होती ते काकूंना कळले असते. आता ते कुणालाच कळणार नाही.