सगळ्यांना भेटणारा नवरा

आटपाडीच्या स्टँडवरून सांगलीची सकाळची गाडी सुटते, तेव्हा तिच्यात माणसांपेक्षा बातम्या जास्त चढतात. बातमीला तिकीट लागत नाही आणि उभ्यानं प्रवास करायला तिची ना नसते. या गाडीची कंडक्टर क्रांती. अंगात खाकी ड्रेस, हातात तिकिटाचं मशीन आणि जिभेला बऱ्यापैकी धार. ड्रायव्हर शिकंदरमामा म्हणायचे, "ह्या पोरीला घंटी कशाला पायजे? नुसती 'ओ' म्हनली तरी इंजान बंद पडतंय."

त्या दिवशी गाडीत धनाजी चढला. धनाजी गलाईवाला. आमच्या या कोरड्या मुलखात पाऊस येतो पाहुण्यासारखा, म्हणून घरटी एक माणूस बाहेर पडून जुने दागिने आटवतो आणि त्यातलं चोख सोनं वेगळं काढून देतो. कोइमतूरपासून सिलिगुडीपर्यंत जिथं सराफकट्टा, तिथं आमचा गलाईवाला.

"वैनी, जयराजदा भेटलं हुतं की कोइमतूरला!" धनाजीनं सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं.

क्रांतीनं तिकीट फाडलं. "बरं हायत का?"

"एकदम झकास. अंग धरलंय. मिशा ह्या एवढ्या. मला म्हनलं, घरी सांगावा द्या, औंदा दिवाळीला येतोय."

"मागल्या दिवाळीलाबी येणार हुते."

"धंदा, वैनी. शेट मानसाला सुट्टी कुठली?"

"बरं, पुढं सरका शेट. दारात उभं ऱ्हाऊ नका."

हा जयराज म्हणजे क्रांतीचा नवरा. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तो गलाईच्या धंद्यासाठी गेला, थोडे दिवस फोन आले, मग बंद झाले. त्याला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत तो बायकोला एकदाही भेटला नाही, बाकी भेटायचा राहिला असा माणूस तालुक्यात सापडणं अवघड. एका पाडव्याला तर तो एकाच वेळी तीन राज्यांत दिसला. एका ठिकाणी वाळला होता, दुसऱ्या ठिकाणी सुटला होता आणि तिसऱ्या ठिकाणी स्वतःच्या गाडीतून उतरून त्यानं आमच्या माणसाला रसगुल्ले खाऊ घातले होते.

यात कुणाच्या मनात पाप होतं असं समजू नका. परमुलखातून आलेल्या माणसानं एखाद्याच्या घरी जाऊन 'तुमचा मुलगा कुठं दिसला नाही' म्हणणं आमच्याकडे उद्धटपणाचं. 'भेटला, बरा आहे' म्हणायचं, चहा प्यायचा, उठायचं. मुलगा परागंदा झाला म्हणजे घराची अब्रू गेली. तो धंद्यात गुंतला म्हणजे अब्रू वाढली. सासरे केरबा पारावर बसले की जयराजचा धंदा वाढतच जायचा. आणि दिवाळीत सासू मनुबाई जयराजनं पाठवली म्हणून क्रांतीला साडी द्यायच्या, मग मोबाइल घेऊन परड्यात जायच्या, गोठ्याला टेकून मोठ्यानं बोलायच्या, "व्हय बाळा... जेवलास का?... हाय, क्रांती बरी हाय." शेजारच्या परड्यांत भांडी घासायची थांबायची. सगळे ऐकायचे आणि सगळ्यांना बरं वाटायचं.

क्रांतीनं पहिल्या काही वर्षांत हे सगळं खरं मानलं. पुढं मानायचं सोडलं, पण कपाळावरचं कुंकू, मार्गशीर्षातले उपास आणि 'येतील हो' हे उत्तर चालूच राहिलं.

ते थांबलं वास्तुशांतीच्या दिवशी.

केरबांनी घरावर नवी खोली चढवली होती. वाईहून खास गुरुजी बोलावले. पूजेला मुला-सुनेच्या जोडीनं बसायचं. गुरुजींनी विचारलं, "यजमान?"

"धंद्यात गुतलाय," केरबा म्हणाले.

"हरकत नाही. त्यांच्या जागी सुपारी ठेवू." गुरुजींनी शेजारच्या पाटावर विड्याचं पान मांडलं, त्यावर सुपारी ठेवली, तिला उपरणं पांघरलं आणि क्रांतीच्या पदराची गाठ त्या उपरण्याशी मारली.

मागून कुणीतरी चुलत जाऊ खुसखुसली, "सुपारीला जरा सरकून बसाय सांगा गं, वैनीला जागा न्हाई."

बायका हसल्या. क्रांतीही हसली. मग तिनं सुपारीकडे पाहिलं, अगदी निरखून, एखाद्या सवलतीच्या पासावरचा फोटो तपासावा तसं. आणि गाठ सोडली.

"क्रांते! काय करतीस?" केरबा ओरडले.

"गुरुजी, माफ करा," ती उठून उभी राहिली. "मामंजी, नऊ वर्सं संसार केला. सुपारी काय वाईट न्हाई, मारत न्हाई, दारू पीत न्हाई. पन आता मला ह्यातनं सुटायचंय. कायद्यानं."

"दुसरा कोन गाठलायस का?" गर्दीतून एका बाईचा आवाज आला.

"पायातला खडा काढाय आदी दुसरी चप्पल घ्यावी लागती व्हय, काकू?"

पुढच्या सुट्टीला क्रांती सांगलीत वकीलबाईंच्या समोर बसली होती. विजयमालाताईंनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "कायदा सोपा आहे. सात वर्षं ज्याची खबर, ज्यांना ती कळायलाच हवी अशा लोकांना कळलेली नाही, त्याच्यापासून घटस्फोट मागता येतो. तुझ्या नवऱ्याची खबर कुणाला आहे?"

"सगळ्या तालुक्याला."

ताई हसल्या. मग क्रांतीचं तोंड पाहून थांबल्या. "म्हणजे गाव जोवर म्हणतंय की तो भेटतो, फोन करतो, तोवर कोर्टाला तो सापडतही नाही आणि हरवतही नाही. कठीण आहे गं, बाई."

"कठीन असू दे. मला थांबायची सवय हाय. पन आता बसून थांबनार न्हाई."

दावा दाखल झाला. केरबांनी तिची ट्रंक उंबऱ्याबाहेर काढली. तिनं ती उचलून परत आत ठेवली. "मामंजी, तुमीच म्हनता ना, तुमचा पोरगा हाय आन मी त्याची बायकू हाय? मग सुनंला घराभाईर कसं काढता? कोर्ट सोडवंल तवा माझी मी जाईन." केरबांनी ट्रंक पुन्हा बाहेर काढली नाही. त्यांनी त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं सोडलं आणि तिनं केलेली भाकरी मात्र खात राहिले.

मग सुरू झाला समन्सचा प्रवास. बेलीफ घरी आला तेव्हा केरबांनी ताठ मानेनं कोइमतूरचा पत्ता दिला. समन्स तिथं गेलं. त्या पत्त्यावर एक बेकरी निघाली. मग कुणीतरी सिलिगुडीचं सांगितलं; तिथं गल्ली होती, घर नव्हतं. मग गुवाहाटी, तिथं घर होतं, पण त्यातल्या म्हातारीनं आजवर जयराज नावाचा माणूस पाहिला नव्हता, आणि इतक्या लांबून कागद आला म्हणून तिनं टपालवाल्याला चहा पाजला म्हणे. आमच्या तालुक्यातला एवढा हिंडलेला कागद दुसरा नसेल. शेवटी कोर्टानं वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला लावली, मराठीतही आणि तमिळमध्येही. जयराज हजर झाला नाही. तेव्हा न्यायाधीशांनी विचारलं, "आईवडिलांचं काय म्हणणं आहे? मुलाची खबर असेल तर त्यांना असेल." आणि मनुबाईंच्या नावे साक्षीचं समन्स निघालं.

त्याच सुमारास गावची जत्रा आली. जत्रेला सगळे गलाईवाले परत येतात, गळ्यात साखळी, डोळ्याला काळा चष्मा. देवळासमोरच्या मंडपात त्यांचे सत्कार चालले होते. क्रांती ड्युटीवरून तशीच खाकीत आली, सूत्रसंचालकाच्या हातातला माईक घेतला आणि म्हणाली, "राम राम मंडळी. माझ्या मालकांना ज्यांनी ज्यांनी बघितलंय त्यांनी जरा हात वर करा."

मंडपात एकही हात वर गेला नाही.

"लाजू नका. कोर्टात यायचंय, शपथंवर सांगायचंय. येन्याजान्याचं तिकीट माझ्याकडनं."

कुणाला अचानक जिलेबी आठवली, कुणाला फोन आला. धनाजी मंडपाच्या खांबामागं सरकत होता.

"धनाजी भावजी! तुमी तर कोइमतूरला भेटला हुता."

"भेटलो म्हंजे... लांबनं बघितलं, वैनी. मागनं."

"मागनं? मग मिशा कशा दिसल्या?"

मंडप फुटला. हसणाऱ्यांत ते सगळेच होते ज्यांनी स्वतः जयराजला कुठं ना कुठं पाहिलं होतं. धनाजी आपले बूट बघत म्हणाला, "तुमाला बरं वाटावं म्हनून बोललो, वैनी. वाईट नव्हतं मनात."

"ठावं हाय मला. तुमच्या बरं वाटन्यापायी माझं वय गेलं, भावजी."

केरबा तरातरा पुढं आले. "बास! पोराचा फोन येतोय! दर दिवाळीला येतोय. त्याची आई सांगंल कोर्टात!"

सगळ्यांनी मनुबाईंकडे पाहिलं. मनुबाईंनी पदर तोंडावर ओढला.

साक्षीच्या दिवशी सकाळी सासू-सुना दोघी चुलीशी होत्या. केरबा बाहेर धोतराच्या निऱ्या घालत होते. क्रांती भाकरी थापता थापता खालच्या आवाजात बोलली, "आत्या, एकदा तुमी परड्यात बोलत हुता तवा मी वैरन आनाय आले हुते. फोनचा दिवा पेटला नव्हता."

मनुबाईंचा हात परातीत तसाच राहिला. "कवाची गोष्ट?"

"लय झाली वर्सं."

"आन बोलली न्हाईस?"

"तुमी 'जेवलास का' इचारत हुता. कसं बोलनार? मी कुनाला सांगितलं न्हाई, कोर्टातबी सांगनार न्हाई. माझी वकीलीन म्हनती सांग. मी न्हाई म्हनले. तुमचं तुमी ठरवा."

"मी तुझ्यासाठनं करायची गं," मनुबाई तव्याकडे बघत म्हणाल्या. "तुला कोनी टाकलेली म्हनू नये म्हनून." भाकरी उलटून म्हणाल्या, "तुझ्यासाठनं, आन जरा माझ्यासाठनंबी."

विट्याच्या कोर्टात मनुबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या तेव्हा कठड्यावरून त्यांचं जेमतेम डोकं दिसत होतं. न्यायाधीशांनी सांभाळून विचारलं, "आजी, मुलाचा फोन येतो असं तुम्ही लोकांना सांगता. खरं आहे?"

"सांगती मी."

"येतो का पण?"

मनुबाईंनी केरबांकडे पाहिलं. केरबांनी मान हलवली, होकाराची. मग त्यांनी क्रांतीकडे पाहिलं. क्रांती जमिनीकडे बघत होती. एवढी बोलकी बाई, पण तिनं डोळ्यांनीही काही सांगितलं नाही.

"मी बोलती, सायेब," मनुबाई म्हणाल्या. "पल्याड कोन नसतंय."

"मने!" केरबा उभे राहिले. पट्टेवाल्यानं त्यांना बसवलं.

"साड्या मीच आनते आटपाडीच्या बाजारातनं. पोरगं गेलं, थोडं दिस फोन आलं, तवापासनं त्याचा एक सबूद मला ऐकू आल्याला न्हाई. जिवंत हाय का न्हाई, देवाला ठावं. मला ठावं न्हाई. माझ्या सुनंला... ह्या पोरीला सोडवा."

पुढच्या प्रश्नासाठी विजयमालाताई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या परत खाली बसल्या.

निकाल पुढच्या तारखेला लागला. घटस्फोट मंजूर. त्या दिवशी कोर्टाच्या आवारात केरबा मनुबाईंवर तुटून पडले. "सवताच्या तोंडानं पोराला मारलंस तू! आता गावाला काय तोंड दावू?"

मनुबाई आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यासमोर पदर न सावरता उभ्या होत्या. "मी कुठं मारलं? मारलं असंल तर आपन समद्यांनी. आवं, नऊ वर्सं ज्यो त्यो म्हनतोय भेटला, भेटला. आन एकबी मानूस त्याला हुडकाय गेला न्हाई! भेटल्याल्या मानसाला कोन हुडकतंय? माझं पोरगं कुठं दवाखान्यात पडलं हुतं, का कुठं रस्त्यावर, कोनी बघितलं? आपन अब्रू राखत बसलो हितं!"

केरबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

मनुबाई क्रांतीकडे वळल्या. "पोरी, आता तुझा त्याचा संबंध न्हाई. तुला संगं चल म्हनायचा मला हक न्हाई..."

"चला आत्या," क्रांती म्हणाली. तिनं त्यांचा दंड धरला. "पोलीस ठानं हितनं लांब न्हाई."

ठाण्यात हवालदारांनी कागद पुढं ओढला. बेपत्ता माणसाचं नाव, वय, उंची. मनुबाई सांगत गेल्या. कपाळावर डाव्या बाजूला खोक पडल्याची खूण आहे, लहानपणी विळी लागली होती. उजव्या पायानं जरा झोकून चालतो. भात आवडत नाही. हवालदार भाताचं लिहीत नव्हते, तरी त्यांनी ऐकून घेतलं. मग क्रांतीला विचारलं, "तुम्ही कोण? बायको का?"

"हुते. आज सुटले."

"मग तुम्ही कशाला आलात तक्रारीला?"

"कोनीतरी यायला पायजेच हुतं की, सायेब."

हवालदारांनी तारखेच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि भुवया वर गेल्या. "नऊ वर्षं? घरचं, गावचं, भावकीचं कुणीच आलं नाही? एवढी माणसं करत काय होती?"

दारात केरबा येऊन उभे राहिले होते. हातात टोपी होती. उत्तर द्यायला त्यांनी क्रांतीकडे पाहिलं, मनुबाईंकडे पाहिलं. पण त्या दोघींनी यावेळी त्यांच्या वतीनं काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. हवालदार पेन धरून थांबले होते. बोलायचं होतं ते केरबांना, आणि थोडंफार आपल्याला सगळ्यांना.