मास्तरांचं राहून गेलेलं वजाचं चिन्ह

या, जरा पुढे सरकून बसा. मास्तरांनी बहिणीला खाली उतरवायला उतार करवला आणि ती वर कशी गेली, ते सांगतो.

मास्तरांची थोरली बहीण आक्का, पाय गेल्यापासून चाकाच्या खुर्चीत. धाकटी माई समोरच्याच घरात अंथरुणाला खिळलेली. मध्ये नुसता रस्ता. पण आक्काच्या दाराला पायऱ्या आणि माईला ऐकू कमी, म्हणून दोघी खिडक्यांतून हात हलवत बसत. आक्काचं मागणं एकच, "एकदा तिच्या उशाशी नेऊन बसव रे बाबा."

मास्तरांचा जन्म गणित शिकवण्यात गेलेला. त्यांनी भिंतीवर आलेख काढला. रस्ता हा आडवा अक्ष, दाराची चौकट उभा. उंबरा रस्त्यापासून तीन फूट वर, तेव्हा रेषा उभ्या अक्षाला तीनवर छेदणार. पुढे दर दहा फुटांना एक फूट खाली. मग समीकरण लिहून वेल्डरच्या हाती दिलं.

वेल्डर कामाचा पक्का. जागा बघायची नाही, समीकरण बघायचं, हा त्याचा नेम. सकाळी येऊन बसवून मोकळा झाला. मास्तरांनी दार उघडलं, तर उतार उंबऱ्यापासून निघून रस्त्यावरून वर वर चाललेला. खाली बसवाला गाडी थांबवून बघतोय.

"अरे, हा निघालाय कुठे?"

"तुम्ही धाडलात तिकडे," वेल्डर म्हणाला. "चढाच्या आधी वजा कुठेय?"

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. याच वजापायी त्यांनी कितीतरी पोरं बाकावर उभी केली होती. "काढ. उलटा बसव."

"थांब," आक्का म्हणाली. "टोक बघ कुठे टेकलंय."

टोक माईच्या खिडकीत टेकलं होतं.

"पण आक्का, उत्तर चुकलंय."

"आणि खाली उतरल्यावर तिच्या पायऱ्या काय मला पाठुंगळी घेऊन चढणार होतास? लोट आता."

मास्तरांनी लोटलं. खिडकीशी माई वैतागून म्हणाली, "किती उशीर. मी मेले असते म्हणजे?" मग दोघी एकदमच बोलायला लागल्या.

बसगाड्या आता वळसा घालून जातात. मास्तर मात्र नापास झाल्यासारखे, दोन घास खाऊन उठतात. तुम्ही देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्यांचीही आठवण ठेवा.