भावासाठी ठेवलेली खोली

बारक्या आणि त्याची बायको पंधरा दिवस हॉटेलं बघत होती. बघत म्हणजे फोनवर. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून आलेला बारक्या जेवणानंतर बायकोच्या खांद्यावरून डोकावायचा आणि दोघं समुद्रकाठच्या त्या गावातले पलंग, खिडक्या, न्हाणीघरं निरखत बसायची. एका ठिकाणी 'समुद्र दिसतो' असं लिहिलं होतं. खाली कुणीतरी तक्रार केली होती की दिसतो, पण स्टुलावर चढल्यावर. दुसरं बसस्टँडला लागून होतं. तिसरं देखणं होतं, पण तिथल्या फोटोंत एकही माणूस नव्हता, आणि जिथे माणसं राहत नाहीत तिथे ढेकूण राहतात असं बायकोचं ठाम मत होतं.

शेवटी गावाच्या पार उत्तर टोकाचं, खडकावरचं हॉटेल ठरलं. कुणी विचारलं असतं तर दोघांनी बाल्कनीचं नाव पुढे केलं असतं. खरं कारण हे की बारक्याची सख्खी बहीण त्याच गावात, दक्षिण टोकाला राहत होती आणि तिच्या घरापासून याहून लांबचं हॉटेल त्या गावात नव्हतंच. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथे वळसा मुद्दाम घातला होता.

ताई वाईट होती का? छे! तोच तर घोळ होता. आई गेल्यावर बारक्याला तिनेच लहानाचं मोठं केलं. आता ती एकटीच राहायची आणि घरातल्या दोन खोल्या प्रवाशांना भाड्याने द्यायची. तिसरी खोली, समुद्राकडची, सगळ्यांत हवेशीर, ती मात्र कुणालाच देत नसे. ऐन हंगामात लोक दारात येऊन गयावया करायचे, तरी ही आपली म्हणायची, "ती माझ्या भावाची आहे." पण भाऊ तिथे गेला की त्याला भल्या पहाटे "जागा आहेस का रे?" असं विचारून जागं करायची, जेवताना नको नको म्हणेपर्यंत वाढायची आणि बोलायची थांबायची नाही. बायको म्हणायची, "नणंदेच्या ओट्याशी उभं राहायचं याला सुट्टी म्हणतात होय?" बारक्याही सगळं तिच्यावर ढकलून मोकळा व्हायचा. वास्तविक त्यालाच एकदा, कुणाचाही भाऊ नसल्यासारखं, चार दिवस लोळायचं होतं. म्हणून त्याने ताईला फोन करून सांगितलं की मालक रजा देत नाही.

"मेला तो मालक!" ताई म्हणाली. "जाऊ दे. खोली आहेच तुझी. जमेल तेव्हा ये."

दोघं गावात उतरली ती चोरासारखीच. बाजार ताईच्या बाजूला, तेव्हा बाजारात जायचं नाही, असं ठरलेलं. बायकोने मोठी टोपी घेतली होती, बारक्याने दुकानातला सर्वांत काळा चष्मा. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने त्यांचं बुकिंग पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"वरच्या मजल्यावरचा पाइप फुटलाय हो. तुमच्या खोलीत घोटाभर पाणी आहे. पण काळजी करू नका. आमच्या नेहमीच्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे आजची सोय करतो. घर एकदम स्वच्छ. मॅनेजर बोललेत त्यांच्याशी, गाडीही उभी आहे."

बारक्याने दुसरं काही मिळेल का म्हणून विचारलं. काहीच नव्हतं, सगळं गाव भरलेलं. गाडी दक्षिणेकडे वळली तेव्हा त्याने काळा चष्मा नीट बसवला. बाजार मागे पडला तेव्हा बायकोने त्याच्याकडे पाहिलं. आणि ड्रायव्हरने ओळखीच्या बोळाच्या तोंडाशी गाडी थांबवून "आत गाडी जात नाही, तुम्ही व्हा पुढे, मी बॅगा आणतो, शेवटचं घर" असं म्हटलं, तेव्हा बारक्याची पाचावर धारण बसली.

"अहो, मागे फिरू या," बायको कुजबुजली.

पण ताई फाटकातच उभी होती. पाहुण्यांची वाट बघत.

क्षणभर तिला ओळख पटेना. मग तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई! बारक्या! वहिनी पण! सुधारला म्हणायचा तुझा मालक! अरे, कळवायचं तरी!"

बारक्याने काळा चष्मा काढला. "अचानकच ठरलं गं," असं त्याच्या तोंडून गेलं. निम्मी थाप त्याला ताईने आयती दिली होती, उरलेली त्याने स्वतः पुरी केली.

पण ताईचा आनंद फार टिकला नाही. तिचा चेहरा कसनुसा झाला. पदराच्या टोकाशी चाळा करत ती म्हणाली, "आता तुला कसं सांगू? बाकीच्या दोन्ही भरलेल्या, म्हणून तुझी खोली मी आत्ताच दिली रे. आजवर कधी दिली नाही, तुला माहीत आहे. त्या हॉटेलच्या मॅनेजरने फारच गळ घातली. म्हणाला, बिचारी लांबून आलीत, उन्हात ताटकळलीत, त्यांना कोण आहे इथे? माझं मन विरघळलं. तुझं सामान काढून कपाटावर टाकलं, त्यांच्यासाठी नवी चादर घातली. आणि नेमका तू आज दारात! माझी मलाच लाज वाटते बघ."

लाज तिला वाटत होती. बारक्याला वाटलं, धरणीने आत्ताच्या आत्ता पोटात घ्यावं. तोंड उघडायला तीच वेळ होती. "ताई, ती माणसं आम्हीच," एवढंच तर म्हणायचं होतं. बायकोने कोपराने ढोसलं. ते बोल म्हणून होतं की बोलू नको म्हणून, हे त्याला कळलं नाही, आणि न कळणं सोयीचं होतं.

"थांब," ताईला एकदम हुरूप आला. "अजून पोचली नाहीत ना ती? नाही म्हणून सांगते. सख्खा भाऊ दारात असताना परक्यांचं काय घेऊन बसायचं!"

तिने फोन लावला. कदाचित निभावून जाईल असंही बारक्याच्या मनात आलं, आणि तसं आलं म्हणून त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मॅनेजरसाहेब, रागावू नका," ताई फोनवर मोठ्याने सांगत होती, "पण तुमच्या माणसांना दुसरीकडे पाठवा. माझा भाऊ आलाय. हो हो, तोच, ज्याची खोली आहे तो. वहिनीला घेऊन आलाय... काय म्हणता? गाडीतून कधीच निघाली?"

ड्रायव्हर फाटकातून आत आला. त्याच्या दोन्ही हातांत बॅगा होत्या, ताईनेच लग्नात दिलेल्या, आणि दोन्हींच्या मुठींना हॉटेलचे निळे बिल्ले लटकत होते. "यांचं सामान कुठे ठेवू, ताई?" त्याने विचारलं.

ताईने बॅगांकडे पाहिलं. भावाकडे पाहिलं नाही.

"हो," ती फोनमध्ये म्हणाली, आवाज मुळीच न चढवता, "पोचली. व्यवस्थित पोचली. नाही, काही अडचण नाही." फोन ठेवून तिने ड्रायव्हरला समुद्राकडच्या खोलीचं दार दाखवलं.

"वन्सं, मीच म्हटलं यांना..." बायकोने सुरुवात केली.

"असू दे गं. उन्हातून आलीस, आधी पाणी घे."

बारक्याला वाटलं होतं ती ओरडेल. लहानपणी ओरडायची, कान पिळायची, आणि घटकाभराने सगळं मिटायचं. आज तो कान पुढे करायला तयार होता. तिने नुसतं विचारलं, अगदी साधेपणाने, खरोखर माहीत नसल्यासारखं:

"मागच्या वर्षी पण रजा मिळाली नव्हती ना रे तुला?"

मागच्या वर्षी मालक दोन महिने अंथरुणाला खिळला होता. बारक्याने एकट्याने दुकान ओढलं होतं, रविवारसुद्धा सोडला नव्हता, आणि ताईकडे जाता आलं नाही म्हणून खरोखर हळहळला होता.

"नव्हती गं, ताई. शपथ," तो म्हणाला.

त्यात अक्षरही खोटं नव्हतं. पण बोलताना त्याला स्वतःलाच ते थापेसारखं ऐकू आलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या बायकोने, जिला सगळं माहीत होतं, मान खाली घातली.

"बरं," ताई म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.