ओहोळांचं पाणी

"परत जुळत नाही, प्रभाकर." यज्ञेश्वरने आपला कागद पुढे सरकवला. "तुझं उत्तर कमीच येतंय. डोळे दाखवलेस का कुणाला?"

प्रभाकरने कागद डोळ्यांजवळ धरला. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, हे त्याने बायकोशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं.

उज्जैनच्या माधव नगरातल्या तलावांच्या कचेरीत दोघं शेजारी बसत, पण एकच हिशेब आपापला करत. उत्तरं जुळली की खाली दोघांच्या सह्या. वर्षानुवर्षं ती जुळत आली होती. आता मध्यभारत राज्य मोडून कारभार भोपाळला निघाला होता आणि त्याआधी सगळं उरकायचं होतं. सक्सेनासाहेबांनी हुकूम काढला: लांबलचक आकडे नकोत, प्रत्येक बेरजेनंतर पहिले चार अंक ठेवा, पुढचे सोडून शून्यं धरा. काम झपाट्याने होऊ लागलं, आणि खेरखेडीच्या तलावात पावसाचं किती पाणी येणार याचं उत्तर काही जुळेना.

रविवारी सकाळी घरी त्याची बायको सुलभा त्याला आकडे वाचून द्यायला बसली. तिने शेवटच्या पानाच्या तळापासूनच सुरुवात केली.

"अगं, वरून वाच."

"बेरीजच ना? वरून काय न् खालून काय!"

तो तशीच करत गेला. उत्तर यज्ञेश्वरचं आलं. मग वरून केली, तर त्याचं स्वतःचं. यज्ञेश्वरला खालून बेरीज करायची सवय होती, हे तेव्हा त्याला आठवलं.

यादीत वर मोठे नाले होते, खाली पानंच्या पानं बारीक ओहोळ. नाल्यांची बेरीज आधी झाली की एकेक ओहोळ सोडून द्यायच्या आकड्यांत जात होता. खालून धरलं, की तेच ओहोळ एकत्र होऊन हिशेबात येत होते.

"म्हणजे डोळ्यांचा दोष नाही!" तो हसला. मग हसू मावळलं. "सुलभा, माझ्या बेरजेत ओहोळांचं पाणीच नाहीये गं. या हिशेबावर बांधलेली तलावाची पाळ ठेंगणी पडेल."

सोमवारी सक्सेनासाहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "समझ गया. तो अब दोनों ऊपर से जोड़ो."

"साहब, जवाब मिल जाएगा, पर दोनों का गलत होगा."

"मिलेगा तो सही! भोपाल में मुझसे फाइल माँगेंगे, नाले-नालियाँ नहीं. और आपको तकलीफ़ क्या है? आप ही का जवाब तो रख रहा हूँ."

प्रभाकरने टाक खाली ठेवला. यज्ञेश्वरने सही केली.

"मला मुली आहेत रे लग्नाच्या," बाहेर आल्यावर तो म्हणाला.

"मी काही म्हटलं का तुला?"

दुसरी सही कुणा तिसऱ्याची झाली. भोपाळला जाणाऱ्यांत प्रभाकरचं नाव नव्हतं. कारण दिलं होतं: नजर अधू.

यज्ञेश्वर निघाला त्या दिवशी देवास गेटच्या मोटारस्टँडवर जाऊन प्रभाकरने त्याची वळकटी बसच्या टपावर चढवली. दोघांनीही त्या बेरजेचा विषय काढला नाही.

पाळ बांधून झाल्यावर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी तिच्यावरून गेलं आणि खेरखेडीची खालची वस्ती बुडाली. माणसं गेली. चौकशी झाली. दोन्ही उत्तरं जुळत होती, म्हणून दोष पावसाला लागला.

पाणी ओसरल्यावर प्रभाकर एकटाच तिकडे गेला. आता त्याला फार थोडं दिसे. एका घराच्या भिंतीवर तळवा टेकून तो हात वर सरकवत राहिला. ओल त्याच्या डोक्याच्याही वर होती. कोरडी भिंत हाताला लागेना.

"कौन हो बाबूजी?" आतून एका बाईने विचारलं.

"कोई नहीं, बाई. उज्जैन से आया हूँ."

"धूप में क्यों खड़े हो? अंदर आ जाओ."

घराला दार राहिलं नव्हतं. जमिनीवर घोटाभर चिखल होता. प्रभाकरने वाकून चपला काढल्या, भिंतीशी नीट लावून ठेवल्या आणि आत पाऊल टाकलं.