जिथं हंडा, तिथं नंबर

मी हंडा बोलतोय. पितळेचा, टेकाडवाडीचा. सध्या माझ्या पोटात प्लॅस्टिकची फुलं खोचली आहेत, गळ्यात झेंडूची माळ आहे आणि डोक्यावर पाटी आहे – 'आठवणीतलं गाव, सेल्फी पॉइंट'. सकाळपासून पन्नास जण माझ्याशेजारी उभे राहून दात काढून गेले. मला हे सोसत नाही. गोल बुडाच्या भांड्याला मुळातच स्वस्थ बसता येत नाही, त्यात हा थाट. तेव्हा बोलून टाकतो एकदाचं.

जुन्नरच्या पेठेत एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. बयाबाईच्या मामानं मला तिच्या लग्नात दिलं, काठावर टिंबाटिंबांनी तिचं नाव घालून. बयाबाईचं माहेर घोडेगावचं, नदीकाठचं. तिथं पहिल्यांदा मला पाण्यात बुचकळलं आणि मी क्षणात काठोकाठ भरलो. मला वाटलं, पाणी हे असंच मिळत असतं.

मग बयाबाईबरोबर मी सासरी आलो, आणे पठारावर. याच जिल्ह्यात तिकडं तळेघरला भाताची खाचरं तुंबतात आणि आमच्याकडं ढग येतात, खाली बघतात आणि पुढं निघून जातात. खडक, कुसळं, चार बाभळी आणि दिवसभर वारा. पहिल्या उन्हाळ्यात बयाबाई मला रिकामाच घेऊन घरी आली आणि उंबऱ्यात बसून रडली. मीही आतून खणखणीत कोरडा होतो, तिची समजूत काय घालणार?

गावात एकच हापसा होता. होळी झाली की त्याचाही दम सुटायचा. दोन-तीन हंडे भरले की खडखड वाजायचा, मग पाणी वर यायची वाट बघायची अर्धा तास. एवढा वेळ उन्हात कोण उभं राहणार? बाया घरी जायच्या आणि रांगेत आम्ही हंडे उभे राहायचो. लिंबाखाली सावळेरामबाबा काठी घेऊन राखणीला बसायचे. त्यांचा कायदा एकच होता, जिथं हंडा, तिथं नंबर. माणसानं काहीही सांगितलं तरी ऐकायचं नाही, हंडा कुठं आहे तेवढं बघायचं. भांडणं टाळायला कायदा चांगला होता. फक्त बाबांना बसल्या जागी डुलकी लागायची.

बयाबाईला दोन मुलं, अश्विनी आणि तिच्याहून पाच वर्षांनी धाकटा सुदर्शन. दोन घरं सोडून कमरुद्दीनभाईंचं घर. ते भांड्यांना कल्हई करायचे, फुटक्या बुडाला डाग द्यायचे. मी दोनदा गळायला लागलो, दोन्ही वेळा त्यांनीच मला बरं केलं. त्यांची रुक्साना आणि आमची अश्विनी एका बाकावर बसायच्या, एकच गाईड वाचायच्या आणि भांडल्या तर संध्याकाळच्या आत बोलायच्या. दोघी दहावीला आल्या. वाडीतल्या कुठल्या मुलीनं तोवर दहावीची पायरी ओलांडली नव्हती.

आता तो दिवस. मार्च महिना, गणिताचा पेपर. परीक्षा बेल्ह्याला होती आणि जीप साडेनऊला निघायची. बयाबाई तापानं फणफणलेली, नवरा नारायणगावला टोमॅटो तोडायला गेलेला, गोठ्यात दोन गुरं जीभ काढून उभी. रांगेत मी पाचवा होतो आणि रुक्सानाचा हंडा माझ्यामागं, सहावा. अश्विनी म्हणाली, आईला पेज पाजून येते, तेवढं हंड्याकडं बघ. रुक्साना हो म्हणाली. थोड्या वेळानं तीही हॉल तिकीट आणायला घरी पळाली. जाऊन यायला दहा मिनिटं लागली असतील.

त्या दहा मिनिटांत सुदर्शन आला, हातात बॅट, मागं त्याचा दोस्त शाहनवाज आणि आणखी दोन पोरं. त्यांना स्टंप पाहिजे होता. सुदर्शननं मला उचललं आणि मैदानात पालथं घातलं. चौथ्याच चेंडूला बॅट माझ्यावर बसली आणि कुशीत हा पोचा पडला. आवाजानं सावळेरामबाबा डोळे चोळायला लागले. पोरं घाबरली. सुदर्शननं मला पळत आणलं, रांगेचं जवळचं टोक गाठून ठेवलं आणि वाट फुटेल तिकडं पळाला. जवळचं टोक म्हणजे शेवटचं. मी एकदम पाचवा होतो तो एकोणिसावा झालो. माझ्या मोकळ्या जागेवर मागचे सगळे हंडे सरकले, कारण बायांनी येऊन फट बघितली आणि पुढं घेतले.

अश्विनी आली तर माझ्या जागी रुक्सानाचा हंडा आणि मी पार शेवटाला, कुशीत पोचा घेऊन. तिनं काय समजायचं? सावळेरामबाबांनी कायदा सांगितला. रुक्साना शपथा घेत होती, मी हात लावला न्हाई गं. अश्विनीनं तोंड फिरवलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. मी आतल्या आत नुसता घुमत होतो.

जीप आली. अश्विनी माझ्या काठाला धरून उभी राहिली. सुदर्शनला रांगेत उभं करावं तर तो बाभळीत लपलेला. जीप रुक्सानाला घेऊन गेली. रुक्साना पास झाली, शिकली, मंचरला नर्स झाली. अश्विनीनं पुन्हा पुस्तक उघडलंच नाही. पुढं लग्न होऊन भोसरीला गेली, तिथं एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. दोघी त्या दिवसापासून बोलल्या नाहीत. आणि वाईट म्हणजे बयाबाईनं कमरुद्दीनभाईंना भांडी देणंही बंद केलं. मी तिसऱ्यांदा गळायला लागलो तेव्हा मला आळेफाट्याला नेलं. त्यांच्याच दारावरून नेलं, कमरुद्दीनभाई ओट्यावर बसून बघत होते. आता ते नाहीत.

पुढं नळ आला. मी माळ्यावर गेलो, एक कोंबडी माझ्यात अंडी घालायची. तेवढीच सोबत होती.

यंदा मे महिन्यात सुदर्शननं गेट-टुगेदर काढलं. तो चाकणला चांगल्या नोकरीवर आहे आणि गाव सोडून गेलेल्यांच्या ग्रुपचा ॲडमिन आहे. त्यानं मला चिंच-मीठ लावून घासलं आणि शाळेच्या फाटकापाशी तिरपं मांडलं. दीडशे माणसं आली. माईकवर एकेक जण बालपण सांगायला लागला. कुणाला बोरं आठवली, कुणाला टँकरमागं पळणं. सगळ्यांचं शेवटचं वाक्य तेच, पाणी नव्हतं पण मजा लई होती. मी ऐकत होतो. मजा कुणाची, हे विचारायला तिथं कुणी नव्हतं. बाया बहुतेक ताटं मांडत होत्या.

मग सुदर्शननं माईक घेतला. म्हणाला, आता हंड्याची गोष्ट ऐका. आणि त्यानं सगळी सांगितली, हसत हसत. स्टंप, बॅट, बाबांची काठी, बाभळीतलं लपणं.

"घाईघाईत हंडा ठेवला शेवटाला आन् पळालो राव. ह्यो बघा पोचा, अजून हाये."

लोक हसले. शाहनवाजनं शिट्टी मारली. अश्विनीच्या हातात पत्रावळ्या होत्या. त्या तिनं खाली ठेवल्या, माझ्यापाशी आली आणि पोच्यावर बोट फिरवत राहिली. सुदर्शन म्हणाला, अक्का, तू पण सांग ना एक आठवण. आणि माईक तिच्यापुढं धरला.

"सुद्या, त्या दिवशी माझा गणिताचा पेपर व्हता."

एवढंच बोलली. सुदर्शनचं हसू तोंडावर तसंच राहिलं, मग हळूहळू उतरलं. पेपर त्याच दिवशी होता हे त्याला खरंच माहीत नव्हतं. दीडशे माणसांत कुणाला काही कळलं नाही, फक्त मागच्या रांगेतून एक बाई उठली, रुक्साना. तिनं आपल्या म्हाताऱ्या आईला, हसीनाबींना, शेजारणीजवळ बसवलं, पिशवी खांद्याला लावली आणि फाटकाकडं चालू लागली. अश्विनीनं तिला माझ्यापाशीच गाठलं.

मग रुक्साना म्हणाली, "मी तवाच सांगितलं व्हतं."

"व्हय."

"माझे अब्बा जाईस्तोवर इचारायचे, बयाबाईंकडं आपलं काय चुकलं."

अश्विनीच्या डोळ्यांतलं पाणी तसंच वाहत राहिलं.

"आन् जीप मी थांबवली व्हती, अश्वे. गावाभायेर, वढ्यापाशी. पाच मिनिटं तुला हाका मारत व्हते. पाणी सोड, चल म्हनून. तुला ऐकू कसं आलं न्हाई?"

"आलं व्हतं ऐकू," अश्विनी म्हणाली.

हे मात्र मलाही माहीत नव्हतं. मी तिच्या हाताखाली होतो तेव्हा, तरी ती हाक ऐकूनही रागानं हलली नाही हे मला कळलं नाही. इतकी वर्षं मी सगळा दोष त्या पोरावर टाकून तडफडत राहिलो.

रुक्सानानं मान हलवली आणि ती रस्त्याला लागली. अश्विनी तिच्या मागं गेली, चार पावलं अंतर ठेवून. सुदर्शननं हाक मारली, अक्का, जेवण वाढलंय, पण तिनं मागं बघितलं नाही.

माझं तोंड तिरपं असल्यामुळे मला इथून रस्ता दिसतो. दोघी थांब्याच्या कट्ट्यावर बसल्या आहेत, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. आळेफाट्याची गाडी आली, थांबली, कंडक्टरनं वाकून विचारलं. गाडी त्यांना न घेताच गेली. आता ऊन कलायला लागलं आहे. दुसरी गाडी आली आणि तीही गेली. अश्विनी काहीतरी सांगते आहे, हातवारे करून. रुक्साना ऐकते की नाही ते एवढ्या लांबून कळत नाही, पण उठत नाही.

इथं मांडव सोडायला सुरुवात झाली आहे. खुर्च्या गेल्या, पाटी निघाली, फुलं उपसली. सुदर्शन माझ्यापाशी उकिडवा बसला आहे, हात गुडघ्यांवर. मला उचलून गाडीत ठेवायचं आहे त्याला, पण तोही रस्त्याकडंच बघतो आहे.

बाबा रे, माळ्यावर टाक, मोडीत घाल, माझं काही म्हणणं नाही. पण एवढ्यात उचलू नकोस. शेवटची गाडी सहाला आहे, तेवढी जाऊ दे.