कुणालाच ऐकू न गेलेली घोषणा

मी माइक बोलतोय. तुम्हाला हे वाक्य साधं वाटेल, पण माझ्यासाठी ते नवं आहे. आजवर माझ्यातून लोक बोलले, मी स्वतः कधी चकार शब्द काढला नाही. तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या एका कामगार बाईनं माझ्या पोटात तारा जोडल्या, डोक्यावर जाळीचं टोपडं चढवलं आणि माझ्याशी पहिले शब्द बोलली, "हॅलो, हॅलो. ठीक आहे." एवढंच काय ते माझं बारसं. मग खोक्यात.

खोकं उघडलं ते शहरातल्या सरकारी शाळांच्या मुख्य कार्यालयात, वरच्या मजल्यावरच्या एका लहानशा खोलीत. भिंतींना जाड पडदे, एक टेबल, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात तारांचं जंजाळ. या तारा शहरातल्या प्रत्येक शाळेत, प्रत्येक वर्गात पोचल्या होत्या. पूर्वी खात्याची परिपत्रकं कागदावर जायची आणि शाळेत पोचेपर्यंत त्यातली मुदत संपलेली असायची. म्हणून मला आणलं. कागद मागाहून येवो, बातमी आधी कानावर पडली पाहिजे, असा हिशेब.

दर सोमवारी शाळा भरल्या भरल्या माझं काम सुरू व्हायचं. आधी कर्मचाऱ्यांसाठी सूचना. कोण निवृत्त झालं, कुणाची बदली कुठे झाली. मग संधी, म्हणजे रिकाम्या जागा, प्रशिक्षणं, शिष्यवृत्त्या. शेवटी विद्यार्थ्यांचं यश. मला यातून माणसांची बरीच ओळख झाली. निवृत्त होणारा प्रत्येक जण मनमिळाऊ असतो. बदली कुणालाच सोयीची नसते. आणि मुलाचं नाव चुकीचं वाचलं गेलं तर त्याच्या आईचा फोन घोषणा संपायच्या आत येतो.

सुरुवातीला एक वयस्क गुरुजी वाचायचे. प्रत्येक सूचनेआधी घसा खाकरायचे, म्हणून मुलांनी त्यांचं नाव खोकलेगुरुजी ठेवलं होतं. ते निवृत्त झाले (मनमिळाऊ होते) आणि त्यांच्या खुर्चीत एक बाई आल्या. आवाज असा की बदलीची बातमीसुद्धा ऐकावीशी वाटावी. कार्यालयात त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. मी मात्र त्यांना थोरली म्हणतो. कारण त्यांची धाकटी जाऊ याच शहरातल्या एका शाळेत शिक्षिका होती आणि थोरलीच्या बोलण्यात तिचं नाव सतत असायचं.

बोलणं व्हायचं ते तारमास्तरांशी. तारमास्तर म्हणजे माझी आणि माझ्या तारांची देखभाल करणारा माणूस. घोषणा संपल्या की दोघं चहा घेत बसत. माझं बटण बंद असे, त्यामुळे शहराला काही ऐकू जात नसे. पण मी टेबलावरच असायचो, आणि मी मुळात तोंड नाही, कान आहे.

"आमच्या धाकटीला वेड आहे, मास्तर," थोरली सांगायची. "ज्या पोरांना वाचता येत नाही, त्यांना शाळा सुटल्यावर थांबवून घेते. अक्षरं उलटी दिसतात म्हणे काहींना. तिला त्याचं रीतसर शिक्षण घ्यायचंय."

"घेऊ दे की."

"घेऊ दे. पण घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. सकाळचं धाकटी बघते, संध्याकाळचं मी. दोघी आहोत म्हणून चाललंय."

"आणि दोघं भाऊ?"

"ते औषधं आणून देतात," थोरली म्हणाली, "आणि मग दमतात."

तारमास्तर हसले. थोरलीही हसली, पण तिच्या आवाजाला थकवा चढलेला मी ओळखत होतो. वाचताना ओळीच्या शेवटी तिचा श्वास पुरत नसे.

मग तो सोमवार आला. त्या दिवशी तारमास्तर खालच्या मजल्यावर कुठलीशी तार बघायला गेले होते. थोरली एकटीच वाचत होती. एक निवृत्ती, दोन बदल्या. मग संधी. एका शाळेत ग्रंथपालाची जागा. पुढची सूचना तिनं डोळ्यांखालून घातली आणि ती थांबली.

वाचनात अडचण असणाऱ्या मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण. परगावी, राहून, एक वर्ष. पूर्ण पगार. शहरातून एकाच शिक्षकाची निवड. नावं याच आठवड्यात कळवायची.

तिचा हात माझ्या बटणावर आला. मला वाटलं, खोकला आला असेल. तिनं मला बंद केलं. आणि मग, विश्वास ठेवा, तिनं ती सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ आवाजात वाचली. एकही ओळ गाळली नाही. त्या रिकाम्या खोलीत माझ्याशिवाय ती कुणीही ऐकली नाही. मग तिनं मला सुरू केलं आणि विद्यार्थ्यांचं यश वाचायला घेतलं. पोहण्यात कुणी दुसरं आलं होतं. त्या मुलाचं नाव वाचताना तिची जीभ अडखळली.

तारमास्तर वर आले. "झालं का सगळं वाचून?"

"झालं," ती म्हणाली. चहा मात्र तिनं तसाच ठेवला.

त्या आठवड्यात एकाही शिक्षकाचं नाव आलं नाही. येणार कसं? जागा दुसऱ्या शहराला गेली. खात्याच्या मोठ्या मॅडम वर आल्या. "एवढी चांगली संधी, आणि आपल्याकडून एकही नाव नाही. घोषणा झाली होती ना?"

"मी वाचली होती, मॅडम," थोरली म्हणाली. आणि गंमत बघा, यात शब्दाचंही खोटं नव्हतं.

"मग आपल्या लोकांना शिकायचंच नाहीये. चांगलं खरमरीत लिहून देते, येत्या सोमवारी वाचा."

आणि थोरलीला ते वाचावं लागलं. संधी दारात आणून दिली तरी शहरातले शिक्षक उदासीन आहेत, खात्याला खेद वाटतो, वगैरे. या वेळी मी सुरू होतो. प्रत्येक वर्गात, प्रत्येक शिक्षकाच्या कानात ते गेलं. आपलंच ऐकायचं राहिलं असेल, असं ज्याला त्याला वाटलं असावं, कारण तक्रारीचा एकही फोन आला नाही. तिचे दोन्ही हात टेबलाची कड घट्ट धरून होते.

दुसऱ्या दिवशी तारमास्तरांनी विचारलं, "बाई, बरं नाही का?"

तिनं चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "धाकटीनं काल घरी विचारलं, ताई, कसली हो संधी? मी कशी ऐकली नाही? मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, आमच्या वर्गात फार दंगा असतो, त्यात गेलं असेल."

"गेलं असेल," तारमास्तर म्हणाले. त्यांना काय ठाऊक!

थोरलीनं मान खाली घातली. मी तिच्या इतका जवळ होतो की तिचा श्वास माझ्या जाळीवर लागत होता. ती आता बोलेल, आता बोलेल असं मला वाटत राहिलं. ती बोलली नाही. धाकटीची कामंही ती आता स्वतःच करते, सकाळी लवकर उठून सासूबाईंचं आवरते, असं तिच्या पुढच्या बोलण्यांतून कळायचं. "तू नीज गं थोडी," असं धाकटीला म्हणायची म्हणे. धाकटी सगळ्यांना सांगायची, अशी जाऊ मिळायला भाग्य लागतं. हे सांगताना थोरलीचा चेहरा मार खाल्ल्यासारखा व्हायचा.

महिने गेले. एका सोमवारी यशाच्या सदरात धाकटीच्या शाळेचं नाव आलं. शहराच्या प्रकट वाचन स्पर्धेत तिच्या वर्गातली एक मुलगी पहिली आली होती. पहिल्या आलेल्या मुलाला खोलीत बोलावून माझ्यासमोर दोन शब्द बोलायला द्यायचे, अशी आमच्याकडे पद्धत होती. धाकटी तिला घेऊन आली. मी धाकटीला प्रथमच ऐकलं. आवाज लहान, पण हसरा. मुलीला वर्गात सगळे टकळी म्हणत. वाचायची पाळी आली की बडबड करून वेळ मारून न्यायची, म्हणून ते नाव.

थोरलीनं तिला माझ्यासमोर बसवलं. "या यशाचं श्रेय कुणाला देशील?"

"आमच्या बाईंना," टकळी म्हणाली. "आणि थोडं मला."

धाकटी हसली. तारमास्तरही हसले.

"तुझे वर्गातले मित्र आत्ता ऐकताहेत. त्यांना काही सांगशील?"

"ते ऐकत असणारच. घोषणा चालू असताना आमच्या वर्गात कुणी हूं की चूं करत नाही. मागे आमच्या दंग्यामुळे बाईंना त्यांच्या शिक्षणाची घोषणा ऐकू आली नाही. त्यांचं अख्खं वर्ष आमच्यामुळे वाया गेलं. म्हणून आम्ही सगळ्यांनी शपथ घेतलीय."

"अगं, ते कशाला सांगायचं," धाकटी पुटपुटली.

 शहरभर नुसती शांतता जात राहिली. शेवटी थोरलीनं कसंबसं अभिनंदन केलं, आजच्या सूचना संपल्या असं सांगितलं आणि मला बंद केलं.

"मास्तर, हिला जरा खालची यंत्रं दाखवा," ती म्हणाली. दोघं गेल्यावर तिनं दार लोटलं.

"दंग्यामुळे नाही गं," ती म्हणाली. "ती घोषणा कुणालाच ऐकू गेली नाही. मी बटण बंद करून वाचली."

"म्हणजे? चुकून?"

"नाही. मुद्दाम. तू गेली असतीस, तर सासूबाईंचं सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात आलं असतं. मला तेवढंच दिसलं."

धाकटीनं रिकामी खुर्ची ओढली आणि ती बसली.

"मी विचारलं होतं तुम्हाला, ताई," धाकटी म्हणाली. "घरात, समोर बसून."

"हो."

"नुसतं म्हणायचं होतं की जाऊ नकोस. मी कदाचित राहिलेही असते."

"म्हणूनच तसं म्हणाले नाही. तू माझ्यासाठी राहिली असतीस, आणि मला जन्मभर ते डोळ्यांसमोर बघावं लागलं असतं."

"आणि आता काय वेगळं बघताय?" धाकटीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी पोरांना महिनाभर तोंडावर बोट ठेवून बसवलं, ताई. त्यांनी काही केलंच नव्हतं. आता वर्गात जाऊन मी त्यांना काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस. मी सांगते."

आणि थोरलीनं मला सुरू केलं. वर्गावर्गांत एव्हाना गणित, भूगोल सुरू झाला असेल. ती म्हणाली, "एक सूचना राहिली आहे. काही महिन्यांपूर्वी खात्याकडे एका प्रशिक्षणाची संधी आली होती. ती मी माइक बंद ठेवून वाचली, म्हणून तुमच्यापर्यंत पोचली नाही. शिक्षक उदासीन नव्हते. मुलंही दंगा करत नव्हती. दोष माझा होता. मला माफ करावं असं मी म्हणत नाही. फक्त, ज्यांनी स्वतःला बोल लावला, त्यांनी तो आता लावू नये."

फोन खणखणायला लागले. मोठ्या मॅडम जिना चढून आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. थोरलीला माझ्यासमोरून उठवलं ते कायमचं. तिची बदली मागच्या इमारतीतल्या भांडारात झाली. तिथे खडू, काळे फळे आणि झाडू मोजून शाळांना धाडायचे. पगारवाढही थांबली. ती सहीवर सही करत गेली, म्हणे.

आता वाचायचं काम तारमास्तरांकडे आलं. ते शब्द तोडून तोडून वाचतात, पण एकही गाळत नाहीत. थोरली कधीमधी चहाला वर येते. धाकटीच्या वर्गात ती स्वतः जाऊन आली. मुलांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकानं विचारलं, "मग आता आम्ही बोललो तर चालेल का?" हे सांगताना ती हसायला गेली आणि रडली.

घरात धाकटी तिच्याशी कामापुरतं बोलायची. औषध दिलं का, पाणी तापलं का, इतकंच. पण धाकटीनं एक केलं. दोघा भावांना समोर बसवून संध्याकाळचं काम त्यांच्या अंगावर टाकलं. पहिल्याच दिवशी आईला कुशीवर वळवताना थोरल्या भावाच्या कमरेत उसण भरली. "आता कळेल," तारमास्तर म्हणाले.

यंदा ती जागा पुन्हा आली. तारमास्तरांनी ती दोनदा वाचली. शहरातून पुष्कळ नावं आली आणि निवड धाकटीची झाली.

माझं म्हणाल, तर माझा आवाज आता फाटतो. शेजारी नवं खोकं येऊन पडलंय. माझी जाळी गंजली आहे आणि भांडारात माझी जागा ठरली आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी एकटीच ओझं वाहत असेल, तर तिनं खोटं बोलायची वेळ येण्याआधी तिला विचारा.

काल दोघी जावा वर आल्या होत्या. धाकटी आज परगावी निघणार होती, तारमास्तरांचा निरोप घ्यायचा होता. निघताना ती दारात थांबली.

"ताई, खरं सांगू? माझा राग अजून गेलेला नाही."

"असू दे," थोरली म्हणाली. "तिकडे जाताना बरोबर ने. भांडायला म्हणून तरी फोन करशील."

धाकटी हसली नाही. पण थोरलीच्या हातातली जड पिशवी तिनं आपल्याकडे घेतली, आणि दोघी जिना उतरायला लागल्या. पुढे त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. येतो मी.