वकिलांच्या माऊसचं आख्यान

चिंतामण वकिलांच्या संगणकावरचा बाण सकाळपासून पडद्याच्या कोपऱ्यात रुसलेल्या जावयासारखा जाऊन बसला होता. माऊस खाली ओढला की बाण वर पळे. डावीकडे नेला की आपोआप टिचकी पडे आणि नको ती खिडकी उघडे, हवी ती मिटून जाई. माऊसची तार उपटून ठेवली तर सगळं शांत होई, पण मग छापायची आज्ञा द्यायची कशी, हे वकिलांना ठाऊक नव्हतं. त्यांना छापता येई ते बाणानंच.

आणि छापायचं तर आजच होतं.

त्या वर्षी वकिलांच्या जठारपेठेत सकाळचा पेपर उघडताना लोकांचे हात कचरत. कापसानं दगा दिलेला, आणि पातूरकडच्या खेड्यांमधून कुणा ना कुणा शेतकऱ्याच्या घरची वाईट बातमी यायचीच. म्हणून कीर्तनकार सूर्यभानबुवांनी तिथल्या सप्ताहासाठी नवं आख्यान रचलं होतं. तिन्हीसांजेला जिवाला कंटाळून घराबाहेर पडलेला एक माणूस, आणि त्याची वाट अडवून उभा राहणारा त्याचाच बैल. जुनी आख्यानं बुवांना झोपेतही पाठ. हे मात्र वय झाल्यामुळं जिभेवर बसेना, आणि मोतीबिंदूमुळं स्वतःचं अक्षर स्वतःलाच लागेना.

"चिंतामणा, मोठ्या अक्षरात छापून दे बाबा," बुवा म्हणाले होते. "यंदा त्या लोकांना मला हेच सांगायचंय. नाही जमलं तर चिपळ्या खुंटीला टांगतो, कायमच्या."

चिंतामणरावांनी रात्र रात्र जागून ते टाइप केलं होतं. बुवांना पातूरला नेणारी जीप दुपारी निघणार होती.

वकिलांचा संगणक चाले लिनक्स नावाच्या प्रणालीवर. आता वकिलाच्या घरी हे लिनक्स कुठून आलं? तर एका व्याख्यानात त्यांच्या कानावर पडलं की ही प्रणाली कुणा एकाच्या मालकीची नाही. ज्याला जे येतं ते त्यानं सगळ्यांसाठी आणून ठेवायचं. कीर्तनाच्या नादी लागलेल्या माणसाला एवढं पुरे. "अहो, हा तर गोपाळकाला," म्हणत त्यांनी त्याच आठवड्यात ते संगणकावर घालून घेतलं. काल्यातली मिरची आपल्याच वाट्याला येईल, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

जुना माऊस परवा वारला होता. नवा आणला, त्याची पिन वेगळी. लिनक्समध्ये एक फाइल असते. माऊस कुठं जोडलाय आणि तो कोणत्या भाषेत बोलतो, हे तिच्यात लिहिलेलं असतं. ते बदलायचं, एवढंच काम. पण चिंतामणरावांनी सगळ्यांना विचारलं. अमरावतीला इंजिनिअरिंग करणाऱ्या सोहम पुतण्यानं फोनवर काही ओळी सांगितल्या. खालच्या झेरॉक्सवाल्या इनायतुल्लानं आपल्या ओळखीतून काही आणल्या. इंटरनेटवर ब्राझीलच्या कुणा सद्गृहस्थांनी काही पाठवल्या. दर ओळीबरोबर बाण जास्तच पिसाळत गेला.

इनायतुल्ला जिना चढून वर आला. "वकीलसाहेब, तुमची आख्यानाची फाइल म्या माह्या मशीनवर लावून पाहिली. नुसते चौकोन दिसून राहिले. बुवा काय चौकोन गातीन?"

"गातीलही," आतून वकिलांच्या पत्नी गोदावरीबाई म्हणाल्या. "यांच्या नादानं त्यांनी अजून काय काय गायचं राहिलंय?"

फोन वाजला. सोहमच होता.

"काका, झालं का?"

"तुझ्या ओळी घातल्या रे. पण बाण तसाच."

"आधीच्या काढल्या ना?"

"कोणत्या आधीच्या?"

"काका, फाइलमध्ये माऊसच्या नोंदी किती आहेत?"

चिंतामणरावांनी चष्मा पुसून मोजल्या. "चार."

पलीकडं सोहमनं हिशेब लावला. "म्हणजे एकाच माऊसचं बोलणं चौघं चार भाषांत ऐकून राहिले. बाण बिचारा काय करीन? काढल्या काहून नाही तुम्ही?"

"काढू कशा? लोकांनी प्रेमानं दिल्या होत्या. प्रसाद हातावर पडल्यावर कुणी टाकून देतं का?"

इनायतुल्लानं कपाळाला हात लावला. गोदावरीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, ह्यांच्याकडं एकवार पाहिलं आणि परत गेल्या. सत्तावीस वर्षं कोर्टात दुसऱ्यांच्या साक्षीतली विसंगती काढणाऱ्या माणसाला हे लागलं.

"माझ्या काढून टाका काका," सोहम म्हणाला. "मला काही वाटणार नाही."

"माह्याबी काढा," इनायतुल्ला म्हणाला. "मले का राग येते?"

दोघांच्या परवानगीनं दोन्ही गेल्या. तिसरी नोंद संगणकाची मूळची, वारलेल्या माऊसच्या नावाची. तिला चिंतामणरावांनी हात जोडले आणि तीही पुसली. राहिली ब्राझीलची. तिला काढायला हात धजेना. त्या गृहस्थांचं नावसुद्धा धड वाचता येत नव्हतं. परवानगी मागायची कुणाला?

"राहू दे ती," ते म्हणाले, आणि त्यांनी पडदा नव्यानं सुरू केला.

बाण मधोमध उभा राहिला. डावीकडं नेला, डावीकडं गेला. वर नेला, वर.

"काय केलं काका?" फोनवरून सोहम विचारत होता. "कशानं चाललं?"

"ब्राझीलवाल्यांच्या भिडेनं," चिंतामणराव म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

छापताना मात्र त्यांनी अक्षर इतकं मोठं धरलं की एका पानावर चारच ओळी मावल्या. इनायतुल्लानं गठ्ठा उचलून पाहिला. "हे आख्यान हाय का अपिलाची फाइल?"

पातूरच्या मंडपात बुवांच्या दोन्ही हातांत चिपळ्या, म्हणून पानं उलटायला चिंतामणरावच शेजारी उभे राहिले. समोर माणसं बसली होती, पण बरीचशी मान खाली घालून, कुणीतरी बळंच बसवल्यासारखी. पूर्वरंग झाला, बुक्का लागला, बुवा आख्यानाला उभे राहिले. मोठी अक्षरं त्यांना लख्ख दिसत होती. एक शब्द अडला नाही. अंधार पडत आला, माणूस शेताकडच्या पांदणीला लागला, आणि बैल त्याला आडवा झाला. माणूस त्याला हाकतो, मारतो, रडतो. बैल जागचा हलत नाही.

चिंतामणरावांनी स्वतःच्या बोटांनी टाइप केलेलं हे सगळं. तरी ऐकता ऐकता त्यांचे डोळे मिटले, आणि पान तसंच हातात राहिलं. बुवा ओळीच्या शेवटाला येऊन थांबले. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला. मृदंगवाला वाट पाहू लागला.

बुवा हळूच वाकले. माइक गळ्याशीच होता, ते त्यांच्याही लक्षात नव्हतं.

"चिंतामणा, बैल हलत नाही ते ठीक. तू तरी हल."

मंडपभर हसू फुटलं. आधी बायकांकडून, मग मागच्या पोरांतून, आणि मग त्या खाली घातलेल्या माना एकेक करून वर आल्या. चिंतामणराव कानापर्यंत लाल झाले. त्यांनी घाईघाईनं पान उलटलं, बुवांनी सूर उचलला, आणि वर पाहणाऱ्या त्या सगळ्या माणसांसमोर तो माणूस बैलाच्या मानेवर हात ठेवून घराकडं वळला.